नाताळापर्यंत

"नाताळापर्यंत?"

रणनवरे पाळक वाचता वाचता थांबले. वही त्यांनी डोळ्यांजवळ घेतली, मग हात लांब करून धरली, जणू लांबून पाहिलं तर ओळ वाढेल. मग पुन्हा मोठ्याने वाचली.

"'रिबका पाटोळे, वय वीस. देवाने तिला नाताळापर्यंत आयुष्य द्यावे.' पाटोळे, पुढचं पान चिकटलंय का?"

"नाही पाळकसाहेब. एवढंच आहे."

बुधवारची प्रार्थनासभा होती. पुरुषांकडे पंधरा-सोळा डोकी, बायकांकडे दुप्पट. बायकांच्या तिसऱ्या बाकावर माझी सगुणा बसली होती. त्याच दुपारी चहा गाळता गाळता ती मला म्हणाली होती, "लिहा. माझ्या लेकीला पूर्ण बरी कर, असं लिहा." मी मान हलवली होती. ती मान होकाराची असं तिने धरलं, आणि मी तिला तसं धरू दिलं.

आता तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवलेले तिचे हात मात्र तिने मांडीवर घेतले.

चर्च गप्प होतं. गप्प राहिल्या नाहीत त्या हन्नाबाई साळवे. पंचाहत्तरी उलटलेली बाई, उभा जन्म खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगत पायी फिरलेली. तिला कोण गप्प करणार?

"आवं पाळकसायेब, पोरीचं आयुष्य हाय का रॉकेल? अमक्या तारखेपर्यंत पुरवा म्हनायला?"

कुणीतरी हसणार होतं, पण सगुणाकडे बघून थांबलं.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मिशनच्या बोर्डिंगात कोठीवर होतो. गहू, ज्वारी, डाळ, तेल, साबण, दोनशे मुलांना जे काही लागेल ते माझ्या हाताखालून जायचं. कोठीच्या दारात पंचवीस वर्षं उभं राहिलं की माणसं वाचता येतात. मागायला आलेल्याच्या तोंडाकडे बघू नये, पिशवीकडे बघावं. तोंड गरज सांगतं, पिशवी हाव सांगते. स्वयंपाकाच्या बाई डाळ मागायच्या पाच पायल्या. लागायच्या चार. मी द्यायचो साडेतीन, आणि तीही शीग काढून, म्हणजे मापावर चढलेला ढीग तळहाताने सपाट करून. बाई तीन पायल्यांत भागवायच्या आणि उरलेली अर्धी पदराआडून घरी न्यायच्या. हे मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि दर रविवारी उपासना सुटली की आम्ही एकमेकांना मोठ्या आदराने सलाम करायचो.

मंडळीचा सेक्रेटरीही मीच. चर्चच्या दारात एक लाकडी पेटी असायची. ज्याला प्रार्थना हवी त्याने तीत चिठ्ठी टाकायची. मंगळवारी मी त्या चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या, बुधवारी पाळकांनी वाचायच्या आणि सगळ्यांनी मिळून त्यांवर प्रार्थना करायची. डाव्या पानावर मागणी, उजव्या पानावर पुढे काय झालं ते. उजव्या पानाची टूम माझी. आणि उतरवताना मागण्या जरा ठाकठीक करायच्या, ही सवयही माझीच. हन्नाबाई दुसऱ्या कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून घ्यायच्या. एका चिठ्ठीत अकरा मागण्या. गुडघा, मोतीबिंदू, नातवाला कलेक्टरची नोकरी, सुनेला थोडी अक्कल आणि दुधाची म्हैस. मी लिहायचो, 'हन्नाबाई साळवे, प्रकृती व कुटुंब.' कुणी लिहिलं, मुलगा पहिला यावा, तर मी लिहायचो, उत्तीर्ण व्हावा. वर्षाअखेर उजवं पान बघावं तर शंभरातल्या सत्तर मागण्या पुऱ्या झालेल्या. शेजारच्या तालुक्याच्या मंडळीत चाळीससुद्धा होत नसत.

"पाटोळे," रणनवरे पाळक एकदा मला म्हणाले होते, "तुमच्या मागण्या मंजूर होतात, कारण त्या देवापर्यंत जायच्या आधीच तुम्ही कापलेल्या असतात."

मला ती शाबासकी वाटली होती.

रिबका ही आमची एकुलती एक. घरात रिबू. डी.एड. करून मिशनच्या कंपाउंडातल्या शाळेत पहिलीच्या वर्गावर लागली होती. जुलैत ताप सुरू झाला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडांवर निळे डाग उठले. ऑगस्टात पुण्याला नेलं. रक्ताचा कर्करोग. डॉक्टर तरुण होते, खोटं बोलायची सवय त्यांना अजून लागायची होती. म्हणाले, "दिवाळी निघेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

परतीच्या एस.टी.त मी मनात मांडणी केली. डॉक्टरांनी दिवाळी दिली होती. बरी कर म्हणणं म्हणजे पाच पायल्या मागणं. दिवाळीपर्यंत म्हणावं तर ते डॉक्टरांनी दिलेलंच आहे, देवाकडे कशाला जायचं? नाताळ. दीड-पावणेदोन महिने वाढीव. देणाऱ्यालाही जड नाही, आणि मागणारा आपली पायरी ओळखतो हेही त्याला दिसेल.

त्या बुधवारी पाळकांनी वही मिटली. म्हणाले, "हे लिहिलंय तसं मी बोलणार नाही, आणि पाटोळ्यांची ओळ मी खोडणारही नाही. प्रत्येकाने या मुलीसाठी आपल्या मनात मागा." बराच वेळ शांतता. मग "आमेन". सगळ्यांचं आलं. तिसऱ्या बाकावरून आलं नाही.

आम्ही घरी आलो. रिबू आतल्या खोलीत झोपली होती. सगुणाने चुलीपुढे बसून तवा ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.

"मी तुम्हाला काय लिहायला सांगितलं होतं?"

"अगं, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस."

"मी डॉक्टरांचं विचारत नाही."

"सगळं मागायचं आणि मग नाही मिळालं तर? तुझं काय होईल? ते मला बघवणार नाही."

"माझं होईल की तुमचं?"

तिने गोळा परातीत आपटला.

"देवाने ऐकून नाही म्हटलं असतं ना, तर मी त्याच्याशी भांडले असते. पदर पसरून, छाती बडवून भांडले असते. तो ऐकून घेतो. आता मी भांडू कुणाशी? आपण मागितलंच नाही."

"सगुणा, एकदा मागितलं होतं आपण. सगळं."

रिबूच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. नऊ दिवस राहिला. त्या नऊ दिवसांत मी शिगेवर शीग चढवून मागितलं होतं. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याच्या हातून माझ्यावर पडायची माती, सगळं.

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"वीस वर्षांची लेक झाली," ती म्हणाली, "आणि तुम्ही अजून त्या नऊ दिवसांसाठी देवाशी अबोला धरून आहात. वर त्यालाच अर्ज करताय."

दुसऱ्या दिवशी हन्नाबाई काठी टेकत आमच्या घरी आल्या आणि जाताना रिबूला सगळं सांगून गेल्या. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

संध्याकाळी कोठीला कुलूप लावून आलो तर रिबू ओसरीत खाटेवर उशीला टेकून बसलेली. चेहरा कागदासारखा झाला होता. डोळे मात्र तिचेच, कुणाची तरी खोडी काढायला टपलेले.

"पप्पा, नाताळच का? ईस्टर फार महाग पडत होता का?"

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघत राहिलो.

"सांगा ना. मला उत्सुकता आहे. एप्रिलपर्यंत का नाही मागितलंत? निदान माझ्या पोरांची परीक्षा तरी झाली असती."

"मागणाऱ्याने पायरी बघून मागावं, रिबू."

"कुणाची पायरी? तुमची की त्याची?"

"दोघांची."

ती हसली. हसली की तिला धाप लागायची. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन म्हणाली, "मी सहा वर्षांची असताना एकदा कोठीच्या दारात आले होते. आठवतं?"

"तू रोजच यायचीस."

"त्या दिवशी मी गूळ मागितला होता. एवढासा खडा. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, हा बोर्डिंगचा गूळ आहे, तुझ्या बापाचा नाही. मी रडत घरी आले. आणि संध्याकाळी बाजारातून तुम्ही काय आणलंत?"

मला आठवत होतं.

"अख्खी ढेप आणलीत! मम्मी ओरडली, की एवढ्या गुळाला मुंग्या लागतील. लागल्याच. महिनाभर आपण मुंग्या झटकून गूळ खात होतो." तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "पप्पा, कोठीत बसता ते तुम्ही वेगळे आणि घरी येता ते वेगळे. मला लहानपणीच कळलं होतं, की मागायचं असेल तर कोठीच्या दारात जाऊ नये, घरी थांबावं. मग तुम्ही त्याला कायम कोठीतच का बसवता? त्याला घर नाही का?"

"तो देव आहे, रिबू. माझ्यासारखा माणूस नाही."

"तेच तर म्हणतेय मी. तुमच्यासारखा माणूससुद्धा ढेप आणतो."

मी तिचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

दिवाळी निघाली. कंपाउंडाबाहेरच्या घरांवर आकाशकंदील लागले आणि उतरले. डॉक्टरांची मुदत संपून गेली आणि रिबू होती. मला आत कुठेतरी बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटायची. नाताळ जवळ येऊ लागला तशी शाळेतली पोरं ओसरीत यायला लागली. ती खाटेवरून त्यांच्याकडून गाणं बसवून घ्यायची. सगुणा माझ्याशी बोलायची ती औषधाचं, दुधाचं आणि पाहुण्यांचं. बुधवारी सभेला यायची, तिसऱ्या बाकावर बसायची. "आमेन" कधी म्हणायची नाही.

नाताळच्या सकाळी मंडळीतल्या चार पुरुषांनी रिबूला आरामखुर्चीत बसवून चर्चमध्ये नेलं. तिने मोरपंखी साडी नेसली होती. अंगावर ती साडी काठीवर वाळत घातल्यासारखी दिसत होती. पोरांचं गाणं झालं. शेवटच्या कडव्यात निम्मी पोरं चुकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू दाबलं. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं. मी घड्याळाकडे बघत होतो.

बाहेर हन्नाबाईंनी माझा हात धरला. "पाटुळे, झाली की वो मागनी पुरी! लिवा आता उजव्या पानावर."

मी लिहिलं नाही. ते पान मला अचानक खोल विहिरीसारखं वाटायला लागलं. देवाने माझ्या मागणीप्रमाणे दिलं होतं. अगदी मोजून. उद्या सव्वीस तारीख होती, आणि सव्वीस तारखेसाठी मी काही मागितलेलं नव्हतं.

दुपारी मी पाळकांच्या घरी गेलो. घरोघरच्या फराळाची ताटं टेबलावर मांडलेली होती आणि पाळक बनियनवर बसून करंजी खात होते. मला बघून उठायला लागले.

"बसा पाळकसाहेब. एक काम होतं. ती मागणी... मुदत वाढवून मागायची आहे."

"कोणती मुदत?"

"नाताळची. ती आज संपते."

त्यांनी करंजी ताटात ठेवली. बोटं पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

"पाटोळे, मुदत तुम्ही घातलीत. त्याने कुठे घातली?"

"मग आता काय लिहू?"

"लिहू नका. पेटी नको, वही नको. घरी जा, मुलीच्या उशाशी बसा आणि काय पाहिजे ते मागा. लहान पोरासारखं मागा. हट्टाने. मोठ्या माणसासारखं समजूतदारपणे मागू नका."

"आणि नाही दिलं तर?"

पाळकांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. बायकोबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"इंदूसाठी मी सगळं मागितलं होतं," ते म्हणाले. "एकसारखा शेवटपर्यंत मागत होतो. नाही मिळालं. का नाही, ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी प्रवचनातसुद्धा कधी सांगत नाही. पण तिच्यासाठी मागताना मी हात आखडला नाही, हे माझ्यापाशी आहे. एखादा दिवस त्यावर निघतो. एखादा निघत नाही." मग एकदम करंज्यांचं ताट पुढे सरकवून म्हणाले, "घ्या. खोबऱ्याच्या आहेत."

मी घरी आलो. सगुणा पाहुण्या बायकांना निरोप देत अंगणात उभी होती. रिबू डोळे मिटून पडली होती. मी उशाशी बसलो, डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"हे सर्वसमर्थ परमेश्वरा, आजचा दिवस दाखवलास म्हणून तुझे उपकार मानतो..."

इथवर ठीक होतं. ते माझ्या हातचं होतं. मग जीभ अडली. 'बरी कर' हे दोन शब्द. दोनच. तोंडात आले आणि दातांशी थांबले. पंचवीस वर्षं ज्या तळहाताने शीग काढली तो तळहात कुणीतरी माझ्या तोंडावरून फिरवत होतं. आणि मी स्वतःला म्हणताना ऐकलं, "...तर हिला नव्या वर्षापर्यंत राहू दे."

खाटेवरून आवाज आला. मला वाटलं ती कण्हते आहे. ती हसत होती.

"सहा दिवस?" डोळे न उघडता रिबू म्हणाली. "पप्पा! हन्नाबाई म्हैस मागतात हो!"

मीही हसलो. हसता हसता माझा आवाज फुटला आणि मी तोंड तिच्या उशीत खुपसलं. तिचा हात माझ्या डोक्यावर आला. ती माझी लेक होती की आई, त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

"तुम्हाला नाही जमत," ती म्हणाली. "राहू द्या. मी मागते तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी काय?"

"ते माझं आणि त्याचं."

तिने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बराच वेळ. अंगणातल्या बायकांचं बोलणं संपलं, फाटक वाजलं, तरी तिचं चाललंच होतं. मग डोळे उघडून म्हणाली, "म्हणा आमेन."

"काय मागितलंस ते तरी सांग."

"नाही. न बघता म्हणा."

मी म्हणालो, "आमेन." उभ्या आयुष्यात न वाचता सही केलेला तो माझा एकच कागद.

ती अठ्ठावीस तारखेला गेली. बुधवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. सगुणा तिची वेणी घालत होती. तिसरा पेड गुंफताना रिबूचं डोकं तिच्या हातात जड झालं. सगुणाने हाक मारली नाही, ओरडली नाही. तिने वेणी पुरी केली, टोकाला रिबिन बांधली आणि मग मला म्हणाली, "अहो, आत या."

नव्या वर्षाला तीन दिवस कमी पडले होते.

माझ्या डोक्याची घडण बघा. लेकीच्या पायाशी बसलो होतो आणि मनात हेच चाललं होतं, की मी सहाच दिवस मागितले होते. सहाच. तेही पुरे दिले नाहीत. म्हणजे कमी मागून मी काही वाचवलं नव्हतं. सबंध मागून नाही मिळालं असतं तर जेवढं दुःख झालं असतं, तेवढंच झालं होतं. त्यातला एक कणसुद्धा कमी नव्हता. वर आणखी एक गोष्ट होती, की माझ्या लेकीने आपल्या बापाला तिचं आयुष्य मागताना एकदाही ऐकलं नव्हतं.

त्या बुधवारी सभा झाली नाही. दुसऱ्या दिवशी दफन झालं. सगुणाने मूठभर माती टाकली, हात झटकले आणि कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. घरी आल्यावर तिने रिबूच्या साड्या उन्हात घातल्या, घड्या घातल्या, ट्रंकेत ठेवल्या. बायका येऊन रडायच्या. ती त्यांना पाणी द्यायची. हन्नाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला रडवा वो. न्हाईतर ही बी जाईल." पण रडवायचं कसं? ज्याच्याशी तिला भांडायचं होतं त्याच्यापर्यंतची वाट मीच अडवून बसलो होतो.

पुढच्या बुधवारी मी वही घेऊन सभेला गेलो. ती पाळकांच्या हातात द्यायची, दुसऱ्या कुणाला सेक्रेटरी करा म्हणायचं आणि घरी यायचं, असं ठरवून. सगुणा तिच्या जागी येऊन बसली होती. पेटीत त्या आठवड्यात एकही चिठ्ठी नव्हती. मला वाटतं लोकांना संकोच वाटला असावा. आमच्या घरी एवढं झालेलं, त्यात आपला गुडघा काय मागायचा?

पाळकांनी विचारलं, "कुणाची काही मागणी?"

कुणी बोललं नाही. हन्नाबाईसुद्धा पदराचं टोक चावत बसल्या होत्या.

मी उभा राहिलो. वही पुढे केली. बोलायचं होतं, की ही घ्या. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बापा, माझी रिबू मला परत दे."

ते मी म्हणालो हे मला माझ्या कानांनी ऐकल्यावर कळलं. थांबता आलं असतं. थांबलो नाही.

"मला माझी पोरगी पाहिजे. सहा दिवस नको. नाताळ नको. सबंध पाहिजे. तिचे केस पाहिजेत, तिचं हसणं पाहिजे, ती म्हातारी झालेली मला पाहिजे. तिच्या हाताची माती माझ्यावर पडायला पाहिजे. मी आधी मागितलं नाही. मला भीती वाटली. तू नाही म्हणशील म्हणून मी आधीच... आता मागतो. दे. तुझ्याकडे आहे. मला दे."

एवढं बोलून मी बाकावर बसलो.

आमच्या मंडळीला मी पंचवीस वर्षं ओळखत होतो. कुणी काहीही मागो, शेवटचा शब्द पडला की "आमेन" आपोआप येतं, अर्ध्या झोपेतल्या माणसाचंसुद्धा. त्या दिवशी आलं नाही. आठवड्यापूर्वी पुरलेली मुलगी परत मागणाऱ्या माणसाला तथास्तु कोण म्हणणार? म्हणावं तर वेडेपणा, न म्हणावं तर त्या माणसाला एकट्याला उघड्यावर सोडल्यासारखं. पाळक डोळे मिटून उभे होते.

तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

"आमेन."

स्पष्ट. जवळजवळ रागाने म्हटल्यासारखा. सगुणा उभी होती.

मग हन्नाबाईंचं आलं, मग पाळकांचं, मग एकेक करत सगळ्यांचं, मागेपुढे, वेडंवाकडं.

आम्ही दोघं बाहेर पडलो. कुणी मध्ये आलं नाही, कुणी सांत्वन केलं नाही. चर्च आणि आमचं घर यांच्यामध्ये मुलांचं खेळायचं मैदान होतं. त्याच्या कडेने चालत असताना सगुणा माझ्या बरोबरीला आली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. रस्त्याने ती नेहमी दोन पावलं मागून चालायची.

"आज मागितलंत," ती म्हणाली.

"आता काय उपयोग? मिळणार थोडंच आहे?"

ती थांबली. माझ्या सदऱ्याची बाही तिने मुठीत धरली.

"ते त्याला सांगू दे ना," सगुणा म्हणाली. "ते तुम्ही कशाला सांगता? नाही म्हणायचं असेल तर तो म्हणेल. माझ्या तोंडावर म्हणेल. तुम्ही नका म्हणू. तुम्ही फक्त माझ्या बाजूने मागा."

आणि तिथेच, मैदानाच्या कडेला मातीत बसून ती रडली. मोठ्याने, तोंड न झाकता. मी शेजारी बसलो. समोर पोरांचा खेळ थांबला, एका बाईंनी त्यांना हाताने आत बोलावून घेतलं, आणि मैदान आम्हा दोघांसाठी रिकामं झालं.